मोहनापुरतं तेल

हॉस्पिटलमधून फोन आला, तेव्हा परातीतला मैदा तसाच होता. मीठ घातलेला, मधोमध बोटांनी खळगा केलेला. त्या खळग्यात तेलाचं मोहन पडायचं बाकी होतं. कारखान्यात लेथ मशीनवर काम करणाऱ्या टर्नरची बायको तेच तेल आणायला खाली उतरली होती. रस्ता ओलांडताना तिला टेम्पोने उडवलं. फोन कानाला लावून टर्नर परातीकडे बघत राहिला. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत होता.

ती गेली त्याला आता दोन महिने होऊन गेले. आज मुलगी आली, आणि आल्या आल्या तिने बाह्या सरसावल्या.

"आईच्या मैद्याच्या रोट्या करू या, बाबा. तुम्ही सांगा, मी करते."

"मी काय सांगणार?"

"तीस वर्षं ओट्यासमोर बसून खाल्ल्यात की! आई पाणी कोमट घ्यायची की गरम?"

लेथवर लोखंडी दांडा केसभर जाड राहिला, तर ते टर्नरच्या बोटांना कळायचं. पण पाणी कोमट की गरम, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या आणि ओट्याच्या मध्ये रोज पेपर असायचा. रोटी ताटात पडली की पेपर खाली यायचा आणि तो विचारायचा, "आज कुठल्या देशाचा नकाशा?" ती म्हणायची, "तुमच्या मशीनवर नेऊन गोल करून आणा."

मुलीने मैदा चाळला, मीठ घातलं, मधोमध खळगा केला. टर्नरने मान फिरवली.

"तेल कुठंय?"

"नाही."

"संपलं?"

"आणलंच नाही."

"दोन महिने? मग खाता काय?"

"उकडून खातो."

मुलीने त्याच्याकडे पाहिलं आणि पर्स उचलली. "बसा. समोरून पटकन घेऊन येते."

"थांब!"

तो एवढ्या जोरात ओरडला, की शेजारच्या काकू दारात डोकावून गेल्या.

"तू नाही जायचं. मी जातो."

तो अनवाणीच जिना उतरला. रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभा राहिला. रस्ता पूर्ण मोकळा झाला, तरी उभाच होता. मग गेला आणि तेलाची बाटली घेऊन आला.

मुलीने मोहन घातलं, पीठ मळलं, ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवलं. लाटायला मात्र टर्नरच बसला. प्रत्येक रोटीवर तो डब्याचं झाकण दाबायचा आणि कडा सुरीने कापून टाकायचा. कोरड्या तव्यावर रोट्यांना फोड येत गेले. मुलीने त्या फडक्यात गुंडाळून मऊ होऊ दिल्या आणि पहिलीचा तुकडा तोंडात घातला.

"अगदी तिच्यासारखी झालीय. फक्त गोल आहे."

ती हसली. मग मनगटाने डोळे पुसले.

"आईचंही चुकलंच, बाबा. त्या दिवशी तुम्हाला सांगायचं ना! आत्ता गेलात तसे धावत गेला असतात. पण तुम्हाला उठवायचं तिच्या अगदी जिवावर यायचं."

टर्नरने पुढच्या रोटीवर झाकण दाबलं. कापलेल्या कडा गोळा करून मुठीत धरल्या.

तिने सांगितलं होतं. दोनदा. "अहो, मोहनापुरतं तेल आणून देता का?" पहिल्यांदा तो "हं" म्हणाला होता. दुसऱ्यांदा त्याने पेपरचं पान उलटलं होतं.

मुलीला हे अजून सांगायचं राहिलंय.