आज दिलेलं काम

धंदा कसा चालतो ते शिकायला शाळेने नववीतल्या मुलीला आठवडाभर खोक्यांच्या कारखान्यात पाठवलं. मालकीणकाकूंनी तिला थेट स्वतःच्याच खुर्चीत बसवलं.

"गोंद नीट धरत नाहीये. खोकी आज पाठवायची की थांबायचं?" कामगाराने दारातून विचारलं.

मुलीने काकूंकडे पाहिलं. त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. परीक्षा घेत असतील, असं तिला वाटलं.

"पाठवा," ती म्हणाली. मग म्हणाली, "नको, थांबा." कामगार हलेना. शाळेच्या कागदावर 'आज दिलेलं काम' ही चौकट अजून कोरीच होती.

"काकू, मी नक्की काय करायचं ते सांगा ना कुणीतरी," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

काकू शेजारच्या स्टुलावर टेकल्या. "बारा वर्षं त्या खुर्चीत बसून मीही त्याचीच वाट बघतेय गं."