पट्टा कुणाच्या नावावर

"एकदा तुझं नाव काढून माझं लागलं, की चाळीस वर्षं घराची काळजी नाही, आई," असं म्हणून हेमंत स्कूटर लावायला गेला.

मनोरमाबाईंनाही तेच हवं होतं. पूर्वी घराचा भाडेपट्टा वाढवायला साहेबांची ओळख लागे. आता रक्ताचा एक थेंब घेत, आणि माणूस जितका जगणार तितकीच मुदत देत. मायलेकांचं रक्त काल देऊन झालं होतं. आज पट्टा मिळायचा, म्हणून कॉलनीच्या रिवाजाप्रमाणे त्या कचेरीत वाटायला पेढे घेऊनच आल्या होत्या.

खिडकीतल्या कारकून बाईंनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं आणि दोन्ही नावं पुन्हा एकदा पडताळून पाहिली.

"आजी, घर तुमच्याच नावावर राहू द्या."

"अहो, माझं काय उरलंय आता? मुलाचं नाव लावा."

"तुमची मुदत जास्त आहे, आजी," बाई हळूच म्हणाल्या. "खूपच जास्त."

मनोरमाबाईंनी खिडकीची कड घट्ट धरली. त्याच घरात हेमंतला पाळण्यात घातलं होतं. पाळण्याचा हूक अजून छताला होता. त्या हुकाला हेमंतच्या ओल्या चड्ड्या वाळत घालायची त्यांची सवय तर कितीतरी वर्षं सुटली नव्हती.

"झालं माझ्या नावावर?" मागून हेमंतने विचारलं.

"नाही. मीच नको म्हटलं."

"शेवटी घर सुटेना ना तुला!" तो हसला. "आणि तुझ्यामागे मी कुठे जाऊ गं?"

मनोरमाबाईंनी डबा उघडून अख्खा पेढा त्याच्या तोंडात कोंबला, म्हणजे थोडा वेळ तरी त्याला काही विचारता येणार नव्हतं.