सुग्रास पावडर

सुग्रास पावडरच्या पाकिटावर ना कंपनीचं नाव होतं, ना परवाना क्रमांक. पण शेजारची सहा वर्षांची ईशानी महिनाभर ती दुधातून घेत होती आणि आता पानातलं सगळं न कुरकुरता संपवत होती.

"आपल्या मुक्तालाही देऊ," सुहास विकत आणलेलं पाकीट पुढे करत म्हणाला.

"आधी ईशानीला जेवायला बोलावते," त्याची बायको हेमांगी म्हणाली.

ईशानीने कारल्याची भाजी निमूट संपवली. मग हेमांगीने आमरस वाढला. ईशानीने तोही त्याच चेहऱ्याने संपवला.

"आणखी वाढू?"

"किती खायचाय, काकू?"

शेजारी मुक्ता वाटी चाटत होती. हेमांगीने पाकीट कचऱ्यात टाकलं आणि मुक्ताने पानाबाहेर सारलेलं कारलं स्वतःच्या पानात घेतलं.