शांततेचं एक मिनिट

प्रोजेक्ट आम्हा दोघींचा, पण कौतुक कायम चष्मिशचं. माईकसमोर ती नुसतं "हॅलो" म्हणाली, की पडद्यावर केशरी वर्तुळं उमलायची आणि सर म्हणायचे, "वा! कमाल आहे पोरीची." निम्मा प्रोग्रॅम मी लिहिला होता, ते कुणाच्या गावीही नव्हतं.

सादरीकरणाच्या दिवशी ती म्हणाली, "मी आपल्याला चहा आणते. तू तेवढी खोलीची शांतता रेकॉर्ड कर. आणि चकार शब्द काढू नकोस हं!"

मलाच शिकवत होती. त्या एका मिनिटात जे ऐकू येईल, पंख्याची घरघर वगैरे, ते पुढे प्रोग्रॅम वगळतो. प्रोग्रॅममधली ती ओळ माझीच होती.

दार लागलं आणि माझा संयम सुटला. पूर्ण मिनिटभर मी माईकसमोर तिच्या नावाने खडे फोडले. आता प्रोग्रॅम बोलणंच वगळेल, होऊ दे तिचा पचका!

ती दोन कप चहा घेऊन आली, मागोमाग सर आले. तपासायला ती "हॅलो" म्हणाली आणि वर्तुळं कधी नव्हे इतकी सुंदर उमलली. मग मी माईक ओढून घेतला. "सर, निम्मं काम माझं आहे."

पडदा काळाच राहिला. मी ओरडले, तरी काळाच.

सरांनी घड्याळ पाहिलं. "तुझी पार्टनर कुठाय?"

चष्मिशने खोलीभर नजर फिरवली, माझ्यावरूनही. "मी चहा आणायला गेले तेव्हा इथेच होती, सर. तिचा चहासुद्धा तसाच आहे."

मी किंचाळत होते.

"असू दे," सर म्हणाले. "तू सुरू कर. खोली छान शांत आहे."