दुसरं लुगडं

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी सुनेला, कौतिकाला, घेऊन रिसोडच्या बाजारात गेले. सुगडं, तीळ, गूळ, बांगड्या, सगळं घेतलं. लुगडी मात्र दोन घेतली, तीही तिच्याच पसंतीची.

"आत्याबाई, दुसरं कोनासाठी?"

"चाल मुकाट्यानं. सांगतो."

परतताना मळ्याच्या पाटाकडेनं आम्ही पुढंमागं चालत होतो. माझी जीभ कोणाच्या बापाला भीत नाही, पण त्या दिवशी अर्धा पाट संपला तरी उचलेना. शेवटी बोलले.

"तुह्या सवतीसाठी. रिठदची पोरगी हाये, सुपारी फुटली. आठ वर्सं वाट पाह्यली म्या. माघात माह्या दौलतचं दुसरं लगन. वांझेच्या भरवशावर मळा कोन ठेवते?"

कौतिका रडली नाही. टोपली उतरवून पाटाच्या काठावर बसली.

"पोरीले लगनाआधी एक सांगून ठेवजा, आत्याबाई. मले कोनी सांगतलं नव्हतं."

"काय?"

"तुमचा लेक भिताडाकडं तोंड करून निजते. आठ वर्सांत त्याइनं मले बोट लावलं नाई."



"मंग इतकी वर्सं बोलली काहून नाई, भवाने?"

"कोनाजवळ बोलू? मी वांझ हाये म्हून गावभर तुमीच सांगून राह्यल्या होत्या."

माघात लग्न झालं, वाजतगाजत. रिठदच्या पोरीची ओटी मीच भरली. तिला काही सांगितलं नाही.