सातवं पान

“पेन्सिलनं वाच. शाईनं वाचणारा घाईत असतो.”

सरांचं हे वाक्य तिला पहिल्या वर्षापासून पाठ होतं. म्हणूनच सरांच्या सिद्धतेच्या सातव्या पानाच्या समासातली तिची खूण पेन्सिलचीच होती, बारीक, पण तीन वेळा गिरवलेली.

गणितातला तो सिद्धांत सरांच्या नावानं ओळखला जायचा. बानाख अवकाशातला, म्हणजे अंतर मोजता येणाऱ्या एका अमूर्त जागेतला, एक बंदिस्त, मर्यादित, बहिर्वक्र संच घ्या. त्यातले बिंदू असे हलवा की कुठल्याही दोघांमधलं अंतर वाढणार नाही. तर एक तरी बिंदू जागचा हलत नाही, असं सरांनी बावीस वर्षांपूर्वी सिद्ध केलं होतं. सातव्या पानावर ते जवळजवळ स्थिर बिंदूंची एक रांग घेत आणि ती कुठेतरी जाऊन थांबते असं धरून चालत. का थांबते, ते कुठेच नव्हतं.

रांग थांबत नाही, असं उदाहरण तिला काल सापडलं होतं. प्रत्येकाला एक जागा मागे सरकवायचं, पुढे नवा उभा करायचा. अंतर कुणाचंच वाढत नाही, पण जागेवर राहणारा एकही नाही.

इस्पितळाच्या व्हरांड्यात सरांच्या पत्नी थर्मास विसळत होत्या.

“काकू, सरांनी सिद्धता तपासायला दिलीय.”

“माहीत आहे. गेल्या वर्षीही दोघांना दिली होती. डॉक्टर म्हणतात, आठवडा निघाला तर निघाला.” त्यांनी झाकण घट्ट लावलं. “बरोबर आहे म्हण, पोरी. तुझ्या पदरचं काय जातंय?”

आयुष्यभराचं काम एका वाक्यात मातीमोल करायचं, तेही असं अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं?

आत नर्स ताप बघून गेली होती.

“ही बाई रोज मोजते, पण उत्तर दाखवत नाही,” सर म्हणाले. “तुझीच बहीण दिसते. बोल.”

“बघितलं, सर. सगळं.”

“पेन्सिलनं?”

“हो.”

“आणि?”

“बरोबर आहे.”

सरांनी डोळे मिटले. कपाळावरची शीर सैल पडली. चला, सुखानं जातील, तिला वाटलं. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि औषधं आणायला निघून गेल्या.

पावलं दूर गेल्यावर सरांनी उशीखालून एक चिकटवलेला लिफाफा काढला.

“शब्द दे. त्या सिद्धतेत चूक असेल, तर हा आजच्या आज यावरच्या पत्त्यावर द्यायचा. हातात. नसेल तर फाडायचा.”

“पण सर, चूक नाहीच म्हटलं ना मी?”

“मग शब्द द्यायला काय जातंय?”

तिनं दिला. सर भिंतीकडे वळले.

जिन्यात ती थांबली. फाडायला घेतला, पण बोटं पुढे होईनात. तिनं लिफाफ्याची कड हळूच उचकटली. आत थोड्याच ओळी होत्या, थरथरत्या अक्षरात.

“आई म्हणायचा मला हक्क नाही. सातव्या पानावर तुमच्या मुलीनं चूक दाखवली, ती खरी होती. मला त्याच संध्याकाळी पटली होती. तरी दुसऱ्या दिवशी भरल्या वर्गात मी तिला मठ्ठ म्हणालो, आणि तिनं जीव दिल्यावर तुम्ही दारात आलात तेव्हाही तेच म्हणालो. स्वतःहून कबूल करायची छाती झाली नाही. दुसऱ्या कुणी चूक दाखवली की सांगेन असं ठरवलं, आणि ज्याला त्याला सिद्धता देत राहिलो. सगळे माझ्यावर दया करून गेले.”

तिनं कड पुन्हा चिकटवली, पत्ता दोनदा वाचला आणि फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं, “काका, या पत्त्यावर जायला बस कुठून मिळते?”