बदलीचा नवस

पितांबर सदऱ्याखाली नारळ झाकून ओसरीत उभा होता आणि बायको कौसाबाई कुठं आहे याचा अंदाज घेत होता. बाहेर डफ वाजायला लागला होता. थोड्या वेळात घरातल्या बायका कानबाई देवीला डोक्यावर घेऊन विसर्जनाला नदीकडे निघणार. नवस फेडायला तेवढाच वेळ उरला होता, आणि फेडताना बायकोच्या कानावर एक शब्द जाता कामा नये.

कोरीटच्या या घराची रीत जरा अडचणीची आहे. नवस मनात केला तरी चालतो, फेडताना मात्र देवीसमोर मोठ्यानं बोलूनच फेडायचा. मनातल्या मनात फेडलेला कानबाई धरत नाही, असं पितांबरची आई सांगून गेली होती. पितांबरनं एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली होती. नियमाला तो भ्यायचाच, आईला त्याहून जास्त.

नोकरी कसली, तर गुरांच्या दवाखान्यात परिचराची. खांडबाऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी दवाखाना आणि त्याच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर. लग्न होऊन कौसाबाई पहिल्यांदा तिथं आली तेव्हा आठ दिवस रडत होती. शेजारणींची बोली तिला कळेना, तिची त्यांना कळेना. पितांबरनं तिला शब्द दिला, एकच वर्ष काढ, बदली करून घेतो.

तेव्हापासून दर मे महिन्यात बदलीचा अर्ज. दर श्रावणात कानबाईच्या रोटाच्या प्रसादासाठी सगळे भाऊबंद कोरीटला जमले की पितांबर तोंड कडू करून गाऱ्हाणं सांगायचा. शेणात हात, बैलांच्या लाथा, तीन आंघोळी करूनही न जाणारा वास. कौसाबाई त्याला फोडणी द्यायची, की माणसाचा जन्म शेपट्या धरण्यात चालला. थोरला भाऊ अमृत चुकचुकायचा आणि पंगतीत बसण्याआधी पितांबरला हात दोनदा धुवायला लावायचा. बदली होऊ दे, साडी नेसवीन, असा कौसाबाईचा नवसही सगळ्या घराला माहीत होता.

खरी गोष्ट अशी, की ती नोकरी म्हणजे पितांबरचा जीव की प्राण होती. दुसऱ्याच वर्षी एका गाईचं वासरू आडवं आलं होतं आणि डॉक्टर रजेवर. पितांबरनं खांद्यापर्यंत हात आत घातला, अडकलेला पाय वळवला आणि वासरू ओढून काढलं. ते शिंकलं, धडपडलं, उभं राहिलं. त्यानंतर त्याला दुसरं काहीच करावंसं वाटलं नाही. पण हे बायकोला कोणत्या तोंडानं सांगणार? म्हणून तो तिच्यादेखत अर्ज लिहायचा आणि श्रावणात देवीला मनातून विनवायचा, माय, बदली होऊ देऊ नको, निवृत्त झालो की नारळ आणतो.

एका वर्षी आदेश निघालाच. नंदुरबार, पक्की इमारत. पितांबर दोन दिवस जेवला नाही. कौसाबाईही जेवली नाही. आनंदानं भूक मेली, असं दोघांनी एकमेकांना सांगितलं. आठव्या दिवशी आदेश रद्द झाला आणि त्या संध्याकाळी दोघांनी चार चार भाकरी खाल्ल्या.

चार दिवसांपूर्वी तो निवृत्त झाला. निरोपाला शेजारची रूपलीबाई कोंबडी घेऊन आली. ती आणि कौसाबाई गळ्यात गळा घालून रडल्या. बायकोचं ते सुटकेचं रडणं आहे, असं समजून पितांबरनं मान फिरवली. इकडे अमृतनं दोघांसाठी एक खोली चुना मारून तयार ठेवली होती. देवीनं पितांबरचं ऐकलं होतं, पण बायकोची एकतीस वर्षं त्याच्या छातीवर धोंड्यासारखी बसली होती. तिला कळलं तर ती पुन्हा आपल्याशी बोलेल का, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं.

अंगणात सगळ्यांची गर्दी झाली तशी त्यानं देवघराचं दार ढकललं. आत कौसाबाई देवीसमोर बसली होती, दाराकडे पाठ करून.

त्याचे पाय तिथंच थबकले. बदली झाली नाही म्हणून देवीशी भांडायला आली असणार. भांडायचा तिला हक्कच होता. तो मागं फिरणार, तेवढ्यात त्याला तिच्या शेजारी ठेवलेला नारळ दिसला. नवस फळला नसेल तर नारळ कशाला?

"माय, तू मन्हं आयकं," कौसाबाई रीतीप्रमाणे मोठ्यानं म्हणाली. "यास्नी बदली व्हऊ दिन्ही नही. यास्ना जीव तठे कधी रमना नही, ते पाप मन्हं. पन माले तठेच बरं वाटे."

मग तिनं देवीला सगळंच सांगितलं. तिथली चूल तिची एकटीची होती, कोंबड्या तिच्या होत्या, दुपारी रूपलीबाईबरोबर ओट्यावर बसायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. इथं वीस माणसांच्या भाकऱ्या आणि जावांचे टोमणे. साडीचा नवस तिनं फक्त नवऱ्याला बरं वाटावं म्हणून केला होता.

पितांबरला हसू आलं आणि डोळेही भरले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास घेता आला. तो पुढं झाला. कौसाबाईनं वळून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं खाली बसून सदऱ्याखालचा नारळ बाहेर काढला.

"सरक जराशी," तो म्हणाला. "मन्हा बी तोच नवस शे."